लाकडाचा सत्तावीस वर्षांचा वनवास

श्रीरामाला चौदा वर्षांचा वनवास घडला. पांडवांना अज्ञातवासासह तेरा. या दोहोंची बेरीज सत्तावीस होते, आणि नेमकी तेवढीच वर्षे भारत सरकारने लाकडाला आपल्या इमारतींबाहेर ठेवले. १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या बांधकामांत लाकडाच्या वापरावर बंदी घातली; जुलै २०२० मध्ये ती उठवली. बंदी घालताना कारण दिले होते पर्यावरणाचे. बंदी उठवतानाही कारण पर्यावरणाचेच होते. एकाच कारणासाठी दोन परस्परविरोधी आदेश निघतात आणि त्याबद्दल कोणालाही आश्चर्य वाटत नाही, याचा अर्थ सुज्ञ वाचकांना सांगणे न लगे.

या लेखाचा विषय आहे फर्निचर आणि घरातील तथाकथित पर्यावरणस्नेही साहित्य. परंतु या विषयाकडे मी शोरूमच्या दिशेने न येता सचिवालयाच्या दिशेने येणार आहे. कारण साधे आहे. खुर्च्या, टेबले, कपाटे, दारे, खिडक्या आणि पार्टिशने यांचा या देशातील फार मोठा ग्राहक म्हणजे सरकार. शाळा, रुग्णालये, न्यायालये, रेल्वे, बँका, सरकारी निवासस्थाने ही सारी यादी डोळ्यांसमोर आणावी. असा ग्राहक जे मागतो तेच कारखाने बनवायला शिकतात, आणि कारखाने जे बनवायला शिकतात तेच पुढे आपल्या घरात येते. सरकारने या खरेदीत दोन चुकीच्या सवयी लावून घेतल्या. पहिली, पर्यावरणाचा प्रश्न आला की वस्तूवर बंदी घालायची. दुसरी, खरेदीचा प्रश्न आला की सर्वांत कमी किमतीची वस्तू घ्यायची. या दोन सवयींनी मिळून जे नुकसान केले, ते कोणत्याही लाकूडचोराला करता आले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंदीमागचा हेतू

बंदी घालणारे अधिकारी मूर्ख नव्हते, हे आधीच नमूद केले पाहिजे. १९७३ मध्ये चिपको आंदोलन झाले, १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. १९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणात तर स्पष्ट म्हटले होते की रेल्वेचे स्लीपर, बांधकाम (विशेषतः सार्वजनिक क्षेत्रातील), फर्निचर, खाणीतील टेकू, कागद अशा ठिकाणी लाकडाला पर्याय शोधावा. त्या काळातील लाकूड प्रामुख्याने सरकारी जंगलातूनच येत असे, तेही ठेकेदारामार्फत आणि कवडीमोल दराने. अशा परिस्थितीत, आग लागली असता आधी पाण्याचा मारा करावा त्याप्रमाणे, वापर थांबवणे समजण्यासारखे होते.

पुढे १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात अंतरिम आदेश दिला. विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या. ईशान्येकडील राज्यांतून तोडलेले लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आली. आसामच्या तिनसुकिया-मार्गेरिटा पट्ट्यातील प्लायवुड उद्योग बसला. हजारो माणसे बेरोजगार झाली, परंतु जंगलावरचा हात तरी निघाला, असे म्हणता येईल.

इथपर्यंत ठीक. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. आग विझल्यावरही बंब तसाच सुरू ठेवला तर घर पाण्याने पडते. १९९३ नंतरच्या वर्षांत लाकूड कोठून येते याचे चित्रच पालटले होते. सरकारी आदेशातील समीकरण मात्र तेच राहिले: लाकूड म्हणजे जंगल, आणि लाकूड न वापरणे म्हणजे जंगल वाचवणे.

शेतातले लाकूड

हरियाणात यमुनानगर आहे. हे भारतातील प्लायवुडचे सर्वांत मोठे केंद्र समजले जाते. तेथे येणारे लाकूड पॉप्लर आणि निलगिरी यांचे असते, आणि ते हरियाणा, पंजाब, पश्चिम उत्तर प्रदेश व उत्तराखंडच्या तराईतील शेतकऱ्यांच्या बांधावरून आणि शेतातून येते. पॉप्लरची पाने हिवाळ्यात गळतात, त्यामुळे त्या ओळींमधून गव्हाला ऊन मिळते. सहा ते आठ वर्षांत झाड तोडणीला येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही एक मुदतठेवच होय.

दक्षिणेत केरळातील पेरुंबावूर घ्या. रबराचे झाड पंचवीस-तीस वर्षे चीक देते आणि मग ते तोडून नवे लावावेच लागते. एके काळी हे लाकूड सरपणात आणि खोक्यांत जात असे, कारण त्याला कीड आणि बुरशी लवकर लागते. बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणाची प्रक्रिया केल्यावर तेच लाकूड फर्निचरच्या कामी येऊ लागले. एका पिकाचा उरलेला भाग, स्थानिक प्रक्रिया, स्थानिक रोजगार. यापेक्षा अधिक ‘पर्यावरणस्नेही’ साहित्य कोणत्या चकचकीत कॅटलॉगमध्ये सापडेल?

आता अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल ते सांगतो. ज्या वस्तूला मालक आहे आणि भाव आहे, ती वस्तू मागणी वाढल्याने संपत नाही. तिची लागवड वाढते. लोक गहू खातात म्हणून गव्हाची शेते नाहीशी होत नाहीत. मागणीमुळे नाहीसे होते ते ज्याला मालक नाही, किंवा ज्याचा मालक नावापुरता आहे ते. सरकारी जंगल त्या प्रकारात मोडत होते. शेतकऱ्याच्या बांधावरचे झाड मोडत नाही. या दोहोंना एकाच बंदीत बसवून आपण शेतकऱ्याला सांगितले की बाबा रे, तू झाड लावू नकोस, कारण देशातील सर्वांत मोठा ग्राहक ते घेणार नाही. त्यातच बहुतेक राज्यांत स्वतःच्या शेतातील झाड तोडायला परवानगी आणि ते वाहून न्यायला वेगळा वाहतूक परवाना. ज्या झाडासाठी दोन कार्यालयांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, ते झाड शेतकरी रोप असतानाच उपटून टाकतो. हे काही त्याचे अज्ञान नव्हे. हा त्याचा हिशोब आहे, आणि तो बरोबर आहे.

२०१४ साली भारताने कृषिवनीकरण धोरण जाहीर केले. डिसेंबर २०२३ मध्ये देशभरासाठी एकच संगणकीय वाहतूक परवाना प्रणाली आली. जून २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने शेतजमिनीवरील वृक्षतोडीसाठी आदर्श नियमावली राज्यांकडे पाठवली. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांच्याकडे पाहून एकच प्रश्न मनात येतो: ज्या हाताने झाड लावायला सांगितले त्याच हाताने ते विकत घ्यायला इतकी वर्षे नकार का दिला?

देशातले लाकूड अडवून देशाची गरज थांबली नाही. साग म्यानमारमधून आला. त्या देशाने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली तेव्हा आपल्या आयातदारांनी आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेकडे मोर्चा वळवला. मलेशियाच्या सारावाकमधील वर्षावनांचे ओंडके वर्षानुवर्षे आपल्या बंदरांवर उतरत राहिले. आपले जंगल वाचवण्यासाठी दुसऱ्याचे जंगल तोडून आणणे, यास धोरण म्हणायचे असल्यास म्हणावे.

लाकडाच्या जागी काय आले?

सरकारी इमारतींत लाकडाची जागा पोलाद, अॅल्युमिनियम, पीव्हीसी आणि भुसा चिकटवून केलेल्या फळ्यांनी घेतली. आता हिशोब पाहू. पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनातील जवळपास निम्मा भाग कार्बन असतो. म्हणजे दहा किलो लाकडाच्या खुर्चीत सुमारे पाच किलो कार्बन आहे, जो झाडाने हवेतील सुमारे अठरा किलो कार्बन डायऑक्साइडमधून काढून घेतलेला असतो. ती खुर्ची जितकी वर्षे टिकेल तितकी वर्षे तो हवेबाहेर राहील. याउलट भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने ‘हरित पोलादा’ची जी व्याख्या केली, तिच्यातही मर्यादा टनामागे २.२ टन इतकी आहे. कोळशाच्या विजेवर तयार होणाऱ्या अॅल्युमिनियमचा आकडा याच्या कितीतरी पट. पीव्हीसीच्या वजनाचा अर्ध्याहून अधिक भाग क्लोरीन असतो. ते जाळले तर विषारी धूर, पुरले तर तसेच पडून.

येथे पोलादावर अन्याय करण्याची इच्छा नाही. चांगले लोखंडी कपाट चाळीस वर्षे चालते आणि शेवटी भंगारवाला ते पैसे देऊन नेतो. तो पुनर्वापर कोणत्याही मोहिमेशिवाय होतो. मुद्दा असा की कोणताही पदार्थ जन्मतः पुण्यवान किंवा पापी नसतो. तो कोठून आला, त्यात काय मिसळले, तो किती वर्षे चालला आणि शेवटी त्याचे काय झाले, या चार प्रश्नांची उत्तरे मांडल्यावरच स्नेह की वैर हे ठरते. आमच्या यंत्रणेने या चारांपैकी एकही प्रश्न विचारला नाही. तिने फक्त नाव विचारले: ‘लाकूड’ आहे का? असेल तर बाहेर.

आणि गंमत पाहा. घन लाकडाला अशी अडचण असताना, लाकडाचाच भुसा आणि तंतू यूरिया-फॉर्मल्डिहाइड या चिकटद्रव्याने बांधून केलेले पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ मात्र ‘लाकडाला पर्याय’ म्हणून मोठ्या मानाने कार्यालयात शिरले. १९९१ साली सरकारने ‘इकोमार्क’ ही योजना आणली होती; तिचे चिन्ह होते मातीचा माठ. सोळा वस्तुप्रकार त्यात घेतले होते. त्यात एक प्रकार होता ‘लाकडाचे पर्याय’. खुद्द लाकडाला त्या माठातले पाणी मिळाले नाही. पुढे भारतीय मानक ब्युरोच्या दर्जाचिन्हाची अटही जोडलेली असल्याने उत्पादक त्या वाटेला फारसे गेलेच नाहीत, आणि सामान्य ग्राहकाने तो माठ क्वचितच पाहिला. सप्टेंबर २०२४ मध्ये जुनी योजना रद्द होऊन नवे इकोमार्क नियम आले. माठ तोच, आता त्यात पाणी भरते का, ते पाहायचे.

फॉर्मल्डिहाइडविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण ते आपल्या शयनगृहात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसांत कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांत केली. यूरियाधारित चिकटद्रव्य उष्णता आणि दमट हवा यांत हळूहळू विघटित होते आणि हा वायू सोडत राहते. नव्या कपाटाचे दार उघडल्यावर डोळे चुरचुरतात, तो ‘नव्या फर्निचरचा वास’ म्हणजे बहुधा हाच. युरोपातील मर्यादा तेथील हवामान धरून ठरलेल्या. मुंबईचा पावसाळा आणि दिल्लीचा जून त्यांच्या गणितात नव्हते. फिनॉलयुक्त चिकटद्रव्य अधिक टिकाऊ असते आणि वायूही कमी सोडते, परंतु ते महाग. म्हणून किमतीच्या स्पर्धेत ते हरते.

यात एक खास आपला असा अध्याय आहे. शेतकऱ्यासाठी अनुदानित युरियाची ४५ किलोची गोणी साधारण अडीचशे रुपयांच्या आसपास मिळते. उद्योगासाठीचा युरिया त्याच्या कितीतरी पट महाग. परिणामी शेतीचा युरिया चोरवाटेने चिकटद्रव्याच्या कारखान्यांत जातो, ही गोष्ट खत विभागात सर्वश्रुत आहे. २०१५ मध्ये सर्व युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला, त्यामागे ही गळती रोखणे हेही एक कारण होते. त्यानंतरही धाडी घालाव्या लागल्या, म्हणजे गळती थांबलेली नाही. तेव्हा ‘झाडे वाचवणारे’ म्हणून घेतलेल्या स्वस्त फळीच्या किमतीत शेतकऱ्याच्या नावाचे अनुदानही असू शकते. ते आपण सर्वांनी करातून भरलेले असते, आणि त्या बदल्यात आपल्याला मिळतो तो डोळे चुरचुरवणारा वायू.

चंडीगढच्या खुर्च्या

आता दुसरी सवय: सर्वांत कमी बोली. कार्यालयीन बोलीत ‘एल-वन’. तिचे सर्वांत बोलके स्मारक चंडीगढमध्ये आहे. १९५० च्या दशकात ते नगर उभे राहत असताना ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे याने तेथील कार्यालये, विद्यापीठ आणि निवासस्थाने यांसाठी सागाच्या आणि वेताने विणलेल्या खुर्च्या, टेबले, कपाटे घडवली. स्थानिक सुतारांना करता येतील अशा साध्या रचना. जाड पाय, सरळ सांधे, वेत तुटला तर पुन्हा विणता येईल अशी बैठक. कारकुनासाठी केलेली खुर्ची होती ती, कोणा महाराजासाठी नव्हे.

काही दशकांनी वेत फाटला. वेत विणून घ्यायला कोणत्या लेखाशीर्षाखाली खर्च टाकावा हे कदाचित कोणाला ठरवता आले नसेल. नवी खुर्ची घ्यायला मात्र तरतूद होती. मग या खुर्च्या गच्चीवर, जिन्याखाली, आवारात रचल्या गेल्या, निर्लेखित झाल्या आणि भंगार म्हणून लिलावात निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, साफसूफ केल्या, वेत विणून घेतला आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्या लाखो रुपयांना विकल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला या वारसा-फर्निचरची विक्री आणि निर्यात रोखण्याचा आदेश काढावा लागला.

लोक ही कथा कलेच्या ऱ्हासाची म्हणून सांगतात. मला ती हिशोबाच्या ऱ्हासाची वाटते. दुरुस्तीयोग्य, अर्धशतक टिकलेली, कार्बन धरून ठेवणारी खुर्ची आपल्या वहीत शून्य किमतीची ठरली. तिच्या जागी आलेली, फोम आणि प्लॅस्टिकची, काही वर्षांत मोडणारी खुर्ची मात्र ‘मालमत्ता’ म्हणून नोंदली गेली. डेड स्टॉक रजिस्टर हे नाव किती सार्थ आहे पाहा.

येथे एक साधे गणित मांडतो; आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा एक खुर्ची ४,००० रुपयांची आहे आणि चार वर्षे टिकते. दुसरी १२,००० रुपयांची आहे, तीस वर्षे टिकते, आणि तिची बैठक दहाव्या व विसाव्या वर्षी प्रत्येकी १,००० रुपये देऊन पुन्हा विणून घ्यावी लागते. पैशाचे कालमूल्य ८ टक्के धरा. पहिल्या खुर्चीचा वार्षिक खर्च येतो सुमारे १,२०८ रुपये. दुसरीचा सुमारे १,१२६. म्हणजे तिप्पट महाग दिसणारी खुर्ची प्रत्यक्षात स्वस्त आहे, आणि यात सात-आठ वेळा निविदा काढण्याचा, समिती बसवण्याचा, जुनी खुर्ची टाकून देण्याचा खर्च धरलेलाच नाही. हे गणित करायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तरीही ते निविदेच्या फाइलवर क्वचितच दिसते, कारण फाइलवर एकच रकाना असतो: दर.

‘नियम आड येतात’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकले आहे. ते खरे नाही. २०१७ चे सामान्य वित्तीय नियम काटकसर सांगतात. पण स्वस्त वस्तूचे विनिर्देश स्वस्तच लिहा, असे ते कोठेही सांगत नाहीत. विनिर्देश ठरवण्याचा अधिकार खरेदी करणाऱ्या विभागाचाच असतो. दहा वर्षांची हमी, दुरुस्तीयोग्य सांधे, चिकटद्रव्याची मर्यादा, लाकडाच्या वैध उगमाचा पुरावा हे सारे आधी लिहून ठेवा, आणि मग त्या अटी पुऱ्या करणाऱ्यांतून खुशाल सर्वांत कमी बोली निवडा. अडचण नियमाची नाही, भीतीची आहे. महाग वस्तू घेणाऱ्याला ऑडिट पॅरा लागतो. चार वर्षांत मोडणारी वस्तू घेणाऱ्याला काहीच लागत नाही, कारण ती मोडेपर्यंत त्याची बदली झालेली असते.

गवताला झाड म्हणणारा कायदा

या सगळ्यावर कळस म्हणजे बांबू. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याला ‘झाड’ ठरवले, आणि स्वतंत्र भारताने ती व्याख्या सत्तर वर्षे सांभाळली. स्वतःच्या परसातला बांबू विकायला नेताना माणूस चोर ठरू शकत होता. तीन-चार वर्षांत तोडणीयोग्य होणारे, तोडल्यावर पुन्हा फुटणारे, उतारावरची माती धरून ठेवणारे असे साहित्य आपल्याकडे असताना आपण त्याच्याभोवती परवान्यांचे कुंपण घातले. कागद गिरण्यांना तोच बांबू नाममात्र स्वामित्वशुल्कात टनावारी मिळत असे. टोपल्या विणणाऱ्या बुरूडाला मात्र तो बाजारभावाने घ्यावा लागे. माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील बांबूच्या अभ्यासातून ही विसंगती फार पूर्वी दाखवून दिली होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावर ग्रामस्थांचा हक्क मान्य केला. तरीही वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्या कपाटातच राहिले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण स्वतःच्या बांबूचा परवाना स्वतः देण्याचा अधिकार एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आल्यावर, मिळाला. कायदा संसदेत होतो आणि परवाना मिळायला मंत्री गावात यावा लागतो, ही आपल्या प्रशासनाची गती. नोव्हेंबर २०१७ मध्ये अध्यादेश निघून वन कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलाबाहेरचा बांबू मोकळा झाला. तोवर नव्वद वर्षे उलटली होती, आणि बुरूडांच्या कित्येक पिढ्यांनी तो धंदा सोडला होता.

त्याच बांबूची पुढची गोष्ट ऐका. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनात साग नागपूरहून आणला आणि जमिनीसाठी बांबू त्रिपुरातून. याचा मला मनापासून आनंद आहे. पण मग प्रश्न पडतो: जे साहित्य देशाच्या सर्वोच्च सभागृहाला शोभते, ते मणिपूरच्या प्राथमिक शाळेला, विदर्भातल्या तहसील कचेरीला का शोभू नये? प्रतिष्ठेच्या जागी लाकूड-बांबू आणि रोजच्या जागी चिकटवलेला भुसा, असा भेद कोणत्या धोरणात लिहिला आहे?

बांबूला कीड लागते, हा नेहमीचा आक्षेप. लागते. त्यातील पिष्टमय पदार्थ किड्यांना आवडतात. बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया करावी लागते, आणि ती गावपातळीवर करता येते. प्रक्रिया न केलेला बांबू घेऊन ‘बांबू टिकत नाही’ म्हणणे म्हणजे भात न शिजवता तो कडक असल्याची तक्रार करणे होय.

काय करावे?

टीका करून थांबणे हा सेवानिवृत्तांचा हक्क आहे. मी अजून सेवेत आहे, म्हणून काय करता येईल तेही सांगतो.

१. प्रत्येक फर्निचर-निविदेत दरासोबत वार्षिक खर्चाचा रकाना असावा. तुलना किमतीची न होता किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती यांची व्हावी.

२. शेतातून आलेल्या वैध लाकडाला आणि प्रक्रिया केलेल्या बांबूला विनिर्देशांत स्पष्ट स्थान असावे. बंदी उठली एवढे पुरेसे नाही; सत्तावीस वर्षांत जे विनिर्देश पोलाद आणि बोर्ड गृहीत धरून लिहिले गेले, ते पुन्हा लिहावे लागतील.

३. चिकटवलेल्या फळ्यांसाठी फॉर्मल्डिहाइडची मर्यादा बंधनकारक असावी, आणि तपासणी माल आल्यावर त्यातून उचललेल्या नमुन्याची व्हावी. पुरवठादाराने आणून दिलेल्या प्रमाणपत्राची तपासणी ही तपासणी नव्हे.

४. प्रत्येक मोठ्या कार्यालयाने सुतार आणि वेत विणणारे यांच्याशी वार्षिक दरकरार करावा. संगणकाच्या देखभालीचा करार होतो, वातानुकूलन यंत्राचा होतो. खुर्चीचा का नाही?

५. दुरुस्तीचा अंदाज फाइलवर आल्याशिवाय कोणतीही लाकडी वस्तू निर्लेखित करू नये.

यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, नवे महामंडळ लागत नाही, परदेश दौरा लागत नाही. बहुधा म्हणूनच ती सुचवली जात नाही.

आणि आपण?

हे वाचणारे बहुतेक जण घरापासून दूर, दिल्ली-बंगळूर-इंदूर-कोलकाता अशा गावी किंवा परदेशी राहणारे. दर तीन-चार वर्षांनी सामान बांधणारे. आपल्याला हा हिशोब सरकारपेक्षा लवकर कळायला हवा. पार्टिकल बोर्डाचे कपाट एकदा जोडले की जोडले; ते खोलून दुसऱ्या गावी पुन्हा जोडताना स्क्रू भुशात फिरत राहतो. पहिल्या बदलीत ते वाचते, दुसऱ्या बदलीत कचऱ्यात जाते. घन लाकडाची साधी चारपाई, खोलता येणारी मांडणी, जुन्या बाजारातून घेतलेला सागाचा पाट याला असा धोका नाही. आपल्या गावाकडचे वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया नि दारे जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. शंभर वर्षांच्या त्या सागाइतके पर्यावरणस्नेही काही नाही, कारण त्याच्यासाठी आज एकही झाड तोडावे लागत नाही.

दुकानात गेल्यावर विक्रेता ‘इको-फ्रेंडली’ म्हणेल. म्हणू द्यावे. त्याला तेच चार प्रश्न विचारावेत: लाकूड कोठले? चिकटद्रव्य कोणते? मोडले तर कोण दुरुस्त करील? आणि मी ते विकायला काढले तर कोणी घेईल का? पहिल्या तीन प्रश्नांना तो काहीतरी उत्तर देईल. चौथ्याला गप्प बसला, तर समजावे की आपण वस्तू घेत नसून पुढच्या चार वर्षांनंतरचा कचरा आगाऊ पैसे देऊन घेत आहोत.

सरकारलाही हाच चौथा प्रश्न विचारला पाहिजे. चंडीगढमध्ये त्याचे उत्तर परक्यांनी दिले. पुढच्या वेळी ते आपल्याच हिशोबनिसाने द्यावे, एवढीच अपेक्षा आहे.